घरून नोकरी करताना शिकायचे कुणाकडून?

वाचकाचे पत्र

मी चिपळूणला राहते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी घेऊन २०२२ मध्ये पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाले आणि पहिल्या दिवसापासून घरूनच काम करते. आईला गुडघ्यांचे दुखणे आहे, त्यामुळे घरी राहता येते याचे समाधान वाटते. पगारातून पैसेही शिल्लक पडतात. वडिलांचे दुकान आहे, धाकटा भाऊ मुंबईला नोकरी करतो. दिलेली कामे मी वेळेत पूर्ण करते आणि माझ्याविषयी कुणाची तक्रार नाही. पण पहिल्या वर्षी जिथे होते तिथेच मी आजही आहे असे आता वाटू लागले आहे. माझ्यानंतर लागलेला, पुण्यात रोज ऑफिसला जाणारा मुलगा नव्या मॉड्यूलच्या (सॉफ्टवेअरच्या एका भागाच्या) डिझाइनच्या चर्चेत बसतो. मला मात्र तयार झालेल्या निर्णयानुसार दुरुस्त्या करायला मिळतात. ग्रुपवर प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तीन ऑनलाइन कोर्स विकत घेतले, एकही पुरा झाला नाही. ‘तू घरीच तर असतेस’ म्हणून पाहुण्यांचा चहा, बँकेची कामे माझ्याकडे येतात आणि मग रात्री अकरापर्यंत लॅपटॉप बंद होत नाही. आता दूरशिक्षणाने एमसीए (संगणकाची पदव्युत्तर पदवी) करावे, की सगळे सोडून पुण्याला जावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

एमसीए की पुणे, असा प्रश्न तुम्ही विचारला आहे. पत्र वाचताना मी थांबले ते मात्र दुसऱ्याच वाक्यावर, जे तुम्ही जाता जाता लिहिले आहे: तयार झालेल्या निर्णयानुसार दुरुस्त्या करायला मिळतात. तुमच्या अस्वस्थतेचे मूळ मला तिथे दिसते. निर्णय तुमच्यापर्यंत पोहोचतो, पण तो कसा झाला हे तुम्हाला पाहायला मिळत नाही. समोर दोन मार्ग होते त्यांतला एक का सोडला, ग्राहकाने कोणती अडचण सांगितली, मागे असाच प्रयत्न झाला तेव्हा प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, काय बिघडले होते, हे सगळे पुण्यातल्या त्या खोलीत बोलले जाते आणि टिकेटवर, म्हणजे तुम्हाला येणाऱ्या कामाच्या नोंदीवर, उतरते ती फक्त शेवटची ओळ. नोकरीतल्या शिक्षणाचा फार मोठा भाग अशा न लिहिलेल्या बोलण्यात असतो. तो कोणत्याही कोर्सबरोबर विकत मिळत नाही, म्हणूनच तीन कोर्स घेऊनही तुमचे समाधान झाले नाही. त्यात तुमच्या चिकाटीचा दोष आहे असे मी मानत नाही.

मी स्वतः २०२० च्या टाळेबंदीपासून घरून काम करते आणि मला ते मनापासून आवडते. परंतु माझ्या वयाचे लोक घरून काम करण्याच्या सोयीविषयी बोलतात तेव्हा एक गोष्ट सांगायची राहून जाते. आम्ही घरी आलो तेव्हा ऑफिसात काढलेल्या बऱ्याच वर्षांची पुंजी आमच्याजवळ होती. कोणाला काय विचारावे, कोणता साहेब कशावर चिडतो, एखादी मुदत खरी आहे की नुसती बोलण्यापुरती, हे आम्हाला आधीच ठाऊक होते आणि घरून काम करताना आम्ही त्याच पुंजीवर जगत होतो. तुमच्यासारख्या ज्यांची पहिली नोकरीच घरात सुरू झाली, त्यांना ती पुंजी जमवायला जागाच मिळाली नाही. म्हणून अनुभवी माणसाने ‘मला तर काही अडचण आली नाही’ असे म्हटले, तर ते त्याच्यापुरते खरे असले तरी तुमच्यासाठी त्याचा उपयोग नाही.

माणसे काम कशी शिकतात याविषयीचा एक जुना अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात शिंप्यांच्या दुकानांमधली उमेदवारी अभ्यासली. तिथे नव्या मुलाला आधी शेवटची कामे दिली जात, म्हणजे बटणे लावणे, काठ दुमडून शिवणे, इस्त्री करणे. त्यानंतर कपडे शिवणे येई आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी. वरवर पाहता हा क्रम उलटा वाटतो, पण त्यामागे शहाणपण आहे. तयार कपडा हाताळताना त्याची सगळी रचना मुलाच्या ध्यानात येते, सुरुवातीच्या चुका स्वस्तात भरून निघतात, आणि मुख्य म्हणजे त्याच दुकानात बसून तो कसलेल्या शिंप्याला कापड बेतताना रोज पाहत असतो. दुरुस्त्यांची कामे मिळणे ही तुमच्या बाबतीतही सुरुवात म्हणून वाईट नव्हती. वाईट झाले ते हे की बेतणारा माणूस तुमच्या नजरेच्या टप्प्यात कधी आलाच नाही.

तुमच्याच क्षेत्राविषयीही थोडे सांगते. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अभियंत्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका टीमचे लोक एकाच इमारतीत बसत असतील तर त्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांचा अभिप्राय अधिक मिळत असे, आणि हा लाभ नव्या अभियंत्यांना आणि स्त्रियांना विशेष होता. मात्र त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: शिकवणाऱ्या अनुभवी अभियंत्यांचे स्वतःचे काम त्यामुळे कमी होत होते. म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडून शिकणार, त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. त्यांची इच्छा नसते असे क्वचितच घडते. वेळ नसतो हे मात्र नेहमीचे. म्हणून मागणी अशी असावी की त्यांचा वेळ फारसा जाऊ नये.

तुमच्या टीम लीडना या आठवड्यात एक छोटा संदेश लिहा. ‘मला वाढीची संधी हवी आहे’ असे त्यात लिहू नका, कारण त्यावर कुणीही ‘हो, नक्की’ म्हणतो आणि पुढे काहीच होत नाही. मागणी नेमकी असू द्या. ‘नव्या मॉड्यूलच्या डिझाइनची जी चर्चा होते, तिला मी श्रोता म्हणून हजर राहू का? बैठकीची टिपणे मी काढीन आणि त्याच दिवशी सर्वांना पाठवीन.’ टिपणे काढणे हे कमीपणाचे काम आहे असे कुणी सांगितले तर ऐकू नका; पण ते काम कायमचे तुमच्याच गळ्यात पडणार नाही याचीही काळजी घ्या, कारण बैठकीतल्या मुलींकडे ते आपोआप सरकवले जाते. दोन-तीन महिने ते स्वतःच्या शिक्षणासाठी करा आणि नंतर पाळीपाळीने व्हावे असे सुचवा. टिपणे काढणाऱ्याला ‘हे समजले नाही, पुन्हा सांगता का’ असे विचारण्याचा हक्क आपोआप मिळतो. ज्या संकोचाविषयी तुम्ही लिहिले आहे, त्यावर याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

टिपणांची एक पद्धत सांगते. बैठक संपल्यावर कागदाकडे न पाहता, काय ठरले, कोणता पर्याय सोडला आणि का सोडला, हे आधी आठवून लिहा आणि मगच टिपणांशी ताडून पाहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग यामागे आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र उतारा आठवून लिहिणारे पुढे गेले. अशा नोंदींची एक वही वर्षभर ठेवलीत, तर कोडच्या मागचा विचार त्या वहीत साठत जाईल.

आता ग्रुपवरच्या प्रश्नांविषयी. ऑफिसात शेजारच्याला हळूच विचारलेला प्रश्न दोघांतच राहतो. ग्रुपवर लिहिलेला सर्वांना दिसतो आणि कायमचा राहतो, म्हणून तुम्ही कचरता. ही भीती मला पूर्ण समजते. तरीही प्रश्न न विचारता दोन दिवस एकटीने झगडत बसणे अधिक महाग पडते, कारण ते दोन दिवस कुणालाच दिसत नाहीत. दिसतो तो फक्त उशीर. प्रश्न लिहिताना काय करायचे आहे, आतापर्यंत काय करून पाहिले, कोणता एरर आला आणि तुमच्या मते कारण काय असावे, या चार गोष्टी क्रमाने लिहा. यातली शेवटची गोष्ट बहुतेक नवे लोक गाळतात, आणि माझ्या अनुभवात तीच सर्वांत मोलाची ठरते. तुमचा अंदाज चुकला तरी तो वाचून समोरच्याला तुमची समज कुठे अडली आहे ते कळते आणि उत्तर नेमके मिळते. उत्तर मिळाले की त्याच धाग्यात ‘झाले, कारण हे होते’ अशी एक ओळ लिहायला विसरू नका. पुढच्या वेळी तोच माणूस तुम्हाला अधिक आपुलकीने उत्तर देईल.

याबरोबर, ज्या कामात तुमचा संबंध नाही असे इतरांचे पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल सहकाऱ्यांपुढे तपासायला ठेवलेले प्रस्ताव, रोज थोडा वेळ वाचत जा. तिथे अनुभवी माणसे एकमेकांना काय सुचवतात, कशावर वाद घालतात, हे सगळे लिहिलेले असते, आणि ते पाहण्याची परवानगी तुम्हाला बहुधा आधीपासूनच आहे. तुमच्या कोडवर नुसते ‘अप्रूव्ह’ आले तर ‘यात तुम्ही वेगळे काय केले असते?’ असे अधूनमधून विचारा. आणि आठवड्यातून एकदा एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला, तो काम करत असताना अर्धा तास स्क्रीन शेअर करायला सांगा. त्याने शिकवायचे नाही, फक्त आपले काम करायचे, तुम्ही पाहायचे. तो कोणता शॉर्टकट वापरतो, बग सापडत नाही तेव्हा आधी कोणता लॉग (प्रोग्रामने आपोआप केलेल्या नोंदी) उघडतो, कुठे अडखळतो, हे पाहणे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा उपयुक्त वाटते. अनुभवी माणूसही अडखळतो हे प्रत्यक्ष पाहिले की स्वतःविषयीची पुष्कळ भीती कमी होते.

एमसीएविषयी माझे मत स्पष्ट आहे: आता करू नका. पदवी कमी दर्जाची ठरेल अशी शंका असेल तर ती सोडून द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. फक्त प्रवेशापूर्वी त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे ना, हे आयोगाच्या यादीत पाहून घ्यावे लागते. संगणकाची पदवी नसलेल्या, नोकरी करता करता या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या व्यक्तीने विचारले असते, तर मी आनंदाने हो म्हटले असते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते ज्यांना रोज कॉलेजात जाता येत नाही अशांना शिकता यावे म्हणूनच, आणि त्याविषयी मला आदर आहे. पण तुम्ही डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस हे सगळे शिकलेल्या आहात. दोन वर्षे, तीही रात्री अकरानंतरची, त्यातला बराचसा भाग पुन्हा शिकण्यात घालवून तुमची खरी उणीव भरून निघणार नाही.

एखादा विषय खरोखर कच्चा वाटत असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा एकच कोर्स निवडा. आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था मिळून ते चालवतात. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात, शिकणे मोफत असते आणि प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. दर आठवड्याला गृहपाठाची मुदत असते आणि त्याला अंतिम गुणांत २५ टक्के वाटा असतो. विकत घेतलेल्या कोर्सला मुदत नसते, तो कधीही पाहता येतो आणि म्हणूनच राहून जातो. बाहेरून घातलेली मुदत तुमच्यासारख्या कामसू व्यक्तीला मदतच करील. आणि विषय निवडताना तो पुढल्या तीन महिन्यांत तुमच्या कामात वापरायला मिळणार आहे का, एवढे पाहा. नसेल तर तो सध्या बाजूला ठेवा.

आता पुणे. चीनमधल्या सीट्रिप या प्रवासव्यवसायातील कंपनीने २०१० च्या सुमारास आपल्या कॉल सेंटरमध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. स्वखुशीने तयार झालेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने आठवड्यातून चार दिवस घरून काम करू दिले, तेव्हा त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पण सारख्या दर्जाचे काम असूनही घरी असलेल्यांना बढती मिळण्याचे प्रमाण घसरले, आणि प्रयोग संपल्यावर त्यांतले निम्मे लोक एकटेपणा नको म्हणून ऑफिसात परतले. त्या प्रयोगात भाग घ्यायला कंपनीने घातलेल्या अटी मला अधिक बोलक्या वाटतात: किमान सहा महिन्यांची नोकरी झालेली असावी, घरी स्वतंत्र खोली असावी आणि ब्रॉडबँड असावा. तुम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी यांतल्या किती गोष्टी मिळाल्या होत्या? पुढे त्याच कंपनीने, आता तिचे नाव ट्रिप डॉट कॉम आहे, सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले आणि बढतीवर कोणताही वाईट परिणाम दिसला नाही.

यावरून मी असे म्हणेन की सगळे सोडून जाण्याची गरज नाही, पण अजिबात न जाणेही तुम्हाला परवडणारे नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून दर आठवड्याला पुण्याला जाणे व्यवहार्य नाही, विशेषतः पावसाळ्यात. त्याऐवजी वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे जा, आणि ते आठवडे आपल्या सोयीने निवडू नका. नवे मॉड्यूल सुरू होते, सगळे निर्णय अजून ओले असतात, तेव्हाचे निवडा. टीम लीडकडून तारखा आधी मागून घ्या. राहण्याचा खर्च कंपनी देते का ते विचारा. देत नसेल तरी घरी राहून जी बचत होते तिच्यातला हा भाग खर्ची घालायला योग्य आहे असे मला वाटते. तिथे गेल्यावर हेडफोन लावून टिकेटे उरकत बसू नका. ते काम घरीही होते. जेवायला लोकांबरोबर जा, टेस्टिंगवाल्यांशी बोला, सपोर्टला येणारे ग्राहकांचे फोन ऐकायला बसा. ज्यांच्याबरोबर एकदा शेजारी बसून चहा घेतला आहे, त्यांना नंतर ग्रुपवर प्रश्न विचारणे किती सोपे जाते हे तुम्हाला स्वतःलाच जाणवेल.

घराविषयी मात्र मला जरा कडक बोलावे लागेल, कारण तुम्ही ते पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकले आहे आणि माझ्या मते अर्धी अडचण तिथेच आहे. रात्री अकरापर्यंत चालणारे काम हे आठ तासांचेच काम असते. पाहुणे आणि बँकेची कामे यांनी त्याचे तुकडे केलेले असतात. तुकड्या-तुकड्यांत टिकेट पूर्ण होते, शिक्षण होत नाही, कारण अवघड गोष्ट समजून घ्यायला सलग तास लागतो. मुलगा घरून काम करत असता तर त्याच्या खोलीत चहा नेऊन ठेवला गेला असता, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आईवडिलांवर रागावून याचा उपयोग होणार नाही. तुमचे काम त्यांना दिसतच नाही, दिसते ती लॅपटॉपपुढे बसलेली मुलगी. एका सकाळी वडिलांना शेजारी बसवून तुमचे काम दाखवा, कोणती बैठक आहे, त्यात कोण कोण आहे, उशीर झाला तर कोणाचे काय अडते. मग त्यांच्याशी वेळ ठरवा. सकाळी दहा ते एक दार बंद, आणि पाहुण्यांना ते स्वतः सांगतील की ती कामावर आहे. दुकान चालवणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक समोर असताना उठता येत नाही हे समजावून सांगावे लागत नाही. आईचे औषध, तिचा व्यायाम यांसाठी दुपारचा ठरलेला वेळ ठेवा आणि तो कॅलेंडरवर उघडपणे मांडा. तो लपवून मग रात्री भरून काढण्याची गरज नाही. पावसात लाईट जाते तेव्हा निदान राऊटर आणि लॅपटॉप चालतील इतका इन्व्हर्टर घ्या. तो खर्च कंपनी देते का, हेही विचारण्यात संकोच नको.

राहता राहिला पुण्यातल्या त्या तीन आठवड्यांत आईकडे कोण पाहील हा प्रश्न. तुमच्या पत्रात भावाचा उल्लेख एका ओळीत येतो आणि नंतर तो कुठेच दिसत नाही. आई त्याचीही आहे. त्याच्या ऑफिसात घरून काम करण्याची मुभा असेल तर ते तीन आठवडे त्याने चिपळूणहून काम करावे, नसेल तर रजा आणि शनिवार-रविवार जोडून जमेल तेवढे यावे, आणि उरलेल्या दिवसांसाठी पैसे देऊन एखाद्या मावशींची सोय दोघांनी मिळून करावी. हे बोलणे आईमार्फत किंवा वडिलांमार्फत होऊ देऊ नका. टीम लीडकडून तारखा आल्या की त्याच दिवशी तुम्ही स्वतः त्याला फोन करा आणि ‘जमेल का’ असे न विचारता ‘या तारखांना मी पुण्याला आहे, तू कोणते दिवस घेतोस’ असे विचारा.

तुमची,
सल्लागार